बटू दीर्घिकेतलं कृष्णविवर मोजायचं, तर आधी तारे मोजायला हवेत

तुमचा प्रश्न मी असा समजलो: चिलीत ३९ मीटरची ईएलटी दुर्बीण उभी राहते आहे, तिची विभेदनक्षमता, म्हणजे बारीक तपशील वेगळे दाखवण्याची ताकद, हबलच्या कितीतरी पट असेल. जवळच्या बटू दीर्घिका तर एक-दोन कोटी प्रकाशवर्षांच्या आत आहेत. मग सूर्याच्या दहा हजार ते लाखपट वस्तुमानाची, म्हणजे मध्यम वस्तुमानाची कृष्णविवरं तिथे आहेत की नाहीत, हा प्रश्न दुर्बीण सुरू झाली की सुटेल ना? आणि किती लहान कृष्णविवरापर्यंत पोचता येईल, तो एक आकडा सांगा. शिवाय एम.एस्सी.नंतर या विषयात शिरायचं तर सुरुवात कुठून करावी, हेही तुम्ही विचारलं आहे.

आकडा देतो, पण प्रश्नाचा रोख थोडा बदलून. कृष्णविवराचा परिसर वेगळा दिसणं ही अडचणीची एक बाजू. त्या परिसरात कृष्णविवराखेरीज आणखी किती वस्तुमान आहे, हे सांगणं ही दुसरी. दुर्बीण मोठी होत जाते तशी पहिली बाजू हलकी होते आणि दुसरी जड. दीर्घिकांच्या गाभ्यातल्या ताऱ्यांच्या वेगांवरून वस्तुमान काढणं हे माझं काम आहे, आणि त्यातला बहुतेक वेळ कृष्णविवरावर जात नाही, ताऱ्यांच्या हिशोबावर जातो.

आधी सोपं गणित. कृष्णविवराची सत्ता जिथवर चालते, त्या अंतराला प्रभावत्रिज्या म्हणतात. ती काढायला कृष्णविवराचं वस्तुमान गुरुत्वस्थिरांकाने गुणायचं आणि आजूबाजूच्या ताऱ्यांच्या वेगांचा जो पसारा असतो (आम्ही त्याला नुसतं सिग्मा म्हणतो) त्याच्या वर्गाने भागायचं. वस्तुमान सूर्यांत, वेग सेकंदाला किलोमीटरमध्ये आणि अंतर पार्सेकमध्ये घेतलं तर स्थिरांक ०.००४३ येतो. बटू दीर्घिकेच्या गाभ्यात सिग्मा २० च्या आसपास धरू. एक लाख सूर्यांच्या कृष्णविवराची प्रभावत्रिज्या एक पार्सेकच्या जरा वर निघते, दहा हजार सूर्यांच्या कृष्णविवराची ०.११ पार्सेक. दीर्घिका ४० लाख पार्सेकवर, म्हणजे सुमारे १.३ कोटी प्रकाशवर्षांवर असेल, तर तिथली एक विकला (अंशाचा ३,६०० वा भाग) म्हणजे १९ पार्सेक. तेव्हा पहिल्या कृष्णविवराचा परिसर आकाशात ०.०५५ विकला, दुसऱ्याचा ०.००५५ विकला.

आता दुर्बिणी. थंड लाल राक्षसी ताऱ्यांच्या वर्णपटात २.३ मायक्रॉनजवळ कार्बन मोनॉक्साइडच्या ठळक पट्ट्या असतात आणि वेग आम्ही बहुधा तिथूनच वाचतो. त्या तरंगलांबीला ६.५ मीटरची जेम्स वेब ०.०७३ विकला वेगळं करते, चिलीतल्या व्हीएलटीची ८.२ मीटरची दुर्बीण हवेची थरथर दुरुस्त करून ०.०५८, तीस मीटरची टीएमटी ०.०१६ आणि ईएलटी ०.०१२. हे आकडे तरंगलांबी भागिले आरशाचा व्यास एवढ्यावरून निघतात, स्वतः करून पाहा. उलट दिशेने गेलं तर ४० लाख पार्सेकवर आठ मीटरची दुर्बीण लाखभर सूर्यांपर्यंत पोचते, टीएमटी तीस हजारांच्या जरा खाली आणि ईएलटी वीस हजारांच्या आसपास. एक कोटी पार्सेकवर ईएलटीची मर्यादा पन्नास हजारांच्या वर जाते. एनजीसी २०५ ही देवयानी दीर्घिकेची सोबतीण मात्र जेमतेम आठ लाख पार्सेकवर आहे, तिथे हीच मर्यादा चार-पाच हजारांवर येते.

हा झाला दुर्बिणीचा आकडा. तुम्ही वाचलेल्या लेखांत बहुधा हाच होता. तो चुकीचा नाही, पण तो फक्त एवढंच सांगतो की कृष्णविवराचा परिसर एका ठिपक्याहून मोठा दिसेल. वस्तुमान त्यातून आपोआप निघत नाही.

पहिली अट वर्णपटाची. सिग्मा २० मोजायचा असेल तर उपकरणाने स्वतःहून रेषा त्यापेक्षा जास्त रुंद करून चालत नाही. जेम्स वेबवरच्या निअरस्पेक या वर्णपटमापकाची सर्वांत चांगली वर्णपटीय क्षमता (जवळच्या तरंगलांबी किती बारकाईने वेगळ्या होतात ते) सुमारे २,७०० आहे. त्याचा अर्थ, रेषा मुळात कितीही बारीक असली तरी उपकरण तिला सिग्माच्या भाषेत सेकंदाला ४७ किलोमीटर रुंदी देतं. त्याखालचे २० शोधायला प्रकाश खूप लागतो आणि उपकरणाची रुंदी अगदी तंतोतंत माहीत असावी लागते. भल्यामोठ्या कृष्णविवरांसाठी जेम्स वेब उत्तम आहे, बटू दीर्घिकांच्या ताऱ्यांसाठी मी तिच्यावर फार भिस्त ठेवणार नाही. ईएलटीवरच्या हार्मोनी या उपकरणाच्या मूळ आराखड्यात १७,००० पर्यंतची क्षमता ठेवली होती. त्यात उपकरणाची रुंदी सात-आठ किलोमीटरवर येते, आणि या कामाला तीच हवी. म्हणून ईएलटीबद्दल कोणी नुसता आरशाचा व्यास सांगितला, तर मी आधी विचारतो की वर्णपटमापक कोणता आणि कोणत्या क्षमतेवर.

दुसरी अट प्रकाशाची. सगळ्यांना वाटतं मोठा आरसा म्हणजे भरपूर प्रकाश. बिंदूसारख्या ताऱ्यासाठी ते खरं आहे, पसरलेल्या दीर्घिकेसाठी नाही. आठ मीटरच्या दुर्बिणीवर ५० मिलीविकलांची, म्हणजे विकलेच्या विसाव्या भागाची चौकट (आकाशाचा तो तुकडा, ज्याचा एक वर्णपट मिळतो) वापरत असू आणि ईएलटीवर ४ मिलीविकलांची वापरली, तर चौकटीचं क्षेत्रफळ १५६ पट घटतं. आरशाचं क्षेत्रफळ मात्र वीस-बावीस पटच वाढतं. सारख्या तेजाच्या भागातून प्रत्येक चौकटीत येणारा प्रकाश सात-आठपट कमी झाला. १० मिलीविकलांची चौकट घेतली तर घट २५ पट, वाढ वीस-बावीस पट, हिशोब जवळजवळ फिटतो. म्हणून माझी निवड सरसकट १० ची असेल, आणि ४ ची फक्त अशा गाभ्यांसाठी जिथे प्रकाश मध्याकडे एकदम टोकदार होत जातो. निरीक्षणाचा प्रस्ताव लिहिताना हा मुद्दा निर्णायक ठरतो: सर्वांत बारीक चौकट मागून रात्रभर बसायचं आणि हाती गोंगाट यायचा, हे सहज घडू शकतं.

आता मुख्य गोष्ट. ताऱ्यांच्या वेगांवरून आपल्याला एका त्रिज्येच्या आतलं एकूण वस्तुमान कळतं. त्यातून ताऱ्यांचं वस्तुमान वजा करायचं, जे उरेल ते कृष्णविवर. तान्ह्या बाळाचं वजन घरच्या काट्यावर करताना आई आधी बाळाला घेऊन उभी राहते, मग एकटी, आणि फरक काढते. काटा किलोभर मागेपुढे होत असेल तर आईच्या वजनात ते कळतही नाही, पण तीन किलोच्या बाळाचं वजन बिघडून जातं. मोठ्या लंबवर्तुळी दीर्घिकेत कृष्णविवराच्या प्रभावत्रिज्येच्या बऱ्याच आत आपण जाऊ शकतो, तिथे ताऱ्यांचा वाटा किरकोळ होतो आणि वजाबाकी सुखाची होते. बटू दीर्घिकेत तसं नाही. तिच्या मधोमध बहुधा दाट तारकागुच्छ बसलेला असतो, दहा लाख ते कोटभर सूर्यांचा, काही पार्सेक रुंदीचा. त्याच्या गाभ्यात घन पार्सेकला लाख सूर्य ही घनता फार अचाट नाही. सूर्याच्या शेजारी घन पार्सेकला ताऱ्यांचं वस्तुमान सूर्याच्या एक दशांशही भरत नाही, यावरून ती केवढी आहे ते लक्षात घ्या. त्या घनतेने ईएलटीच्या एका ठिपक्यात, म्हणजे ४० लाख पार्सेकवर ०.२३ पार्सेक त्रिज्येत, पाच हजार सूर्य नुसत्या ताऱ्यांचेच आले. दहा-वीस हजारांचं कृष्णविवर शोधणाऱ्याने ही पाच हजारांची रक्कम दुप्पट-निमपट चुकवली तर काय उरेल?

आणि ती चुकू शकते. आपण प्रकाश मोजतो, वस्तुमान नाही. प्रकाशावरून वस्तुमानाकडे जाताना ताऱ्यांचं वय लागतं. एक अब्ज वर्षांची तारकावस्ती आणि दहा अब्ज वर्षांची तारकावस्ती यांच्यात एवढ्याच अवरक्त प्रकाशामागचं वस्तुमान दोन-तीन पटींनी वेगळं असू शकतं. बटू दीर्घिकांच्या केंद्रांत या वस्त्या मिसळलेल्या असतात आणि मिश्रण मध्यापासून बाहेर बदलत जातं. एनजीसी २०५ आणि एनजीसी ४०४ या दोन्हींच्या गाभ्यात तुलनेने तरुण तारे आहेत. संपूर्ण गाभ्याला एकच वस्तुमान-प्रकाश गुणोत्तर लावलं, तर ते गुणोत्तर जिथे चुकलं तिथली तूट किंवा वाढ प्रारूप गुपचूप कृष्णविवराच्या खात्यावर टाकतं. म्हणून मी वेगांना हात लावण्याआधी हबलच्या अनेक रंगांतल्या प्रतिमा आणि निळ्या-हिरव्या भागातला वर्णपट घेऊन बसतो आणि आधी वयांचा नकाशा काढतो. हे कंटाळवाणं काम आहे, त्यावर बातम्या होत नाहीत, पण उत्तराची विश्वासार्हता तिथेच ठरते.

याहून अवघड खातं न दिसणाऱ्या ताऱ्यांचं आहे. जुन्या तारकागुच्छात श्वेतबटू, न्यूट्रॉन तारे आणि दहा-वीस सूर्यांची तारकीय कृष्णविवरं साठलेली असतात. जड वस्तू हळूहळू मध्याकडे बुडत जातात, त्यामुळे ही कृष्णविवरं नेमकी तिथे गोळा होतात जिथे आपण शोधतो आहोत. पन्नास लाख सूर्यांच्या गुच्छातला एक टक्का जरी त्यांचा धरला, तरी पन्नास हजार सूर्य झाले. प्रकाश शून्य, वस्तुमान मध्यम कृष्णविवराएवढंच. या दोघांत फरक एकच: एक बिंदू आहे, दुसरा पसरलेला ढीग.

हा नुसता कागदी आक्षेप नाही. ओमेगा सेंटॉरी घ्या. आपल्याच आकाशगंगेतला हा गुच्छ एके काळच्या बटू दीर्घिकेचा उरलेला गाभा मानला जातो. महाराष्ट्रातून एप्रिल-मे मध्ये संध्याकाळनंतर दक्षिण क्षितिजाच्या वर नरतुरंगात तो अंधाऱ्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. २०२४ मध्ये हबलच्या वीस वर्षांतल्या पाचशेहून अधिक प्रतिमांमधून त्याच्या अगदी मध्यात सात तारे सापडले, जे गुच्छाच्या मुक्तिवेगापेक्षा वेगाने धावत आहेत. ते निसटून गेलेले नाहीत, म्हणजे त्यांना धरून ठेवणारं काहीतरी आहे, आणि त्याचं वस्तुमान किमान ८,२०० सूर्य आहे, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर ताऱ्यांच्या वेगांबरोबर तिथल्या पल्सारांचा (फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांचा) वापर करून केलेल्या दुसऱ्या विश्लेषणाने मात्र मध्यात दोन-तीन लाख सूर्यांचं पसरलेलं काळं वस्तुमान, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचा साठा, अधिक पसंत केला आणि एकाच कृष्णविवराला सहा हजारांच्या आसपास वरची मर्यादा घातली. हा गुच्छ फक्त साडेपाच हजार पार्सेकवर आहे, त्याचे तारे एकेक मोजता येतात, आणि तरीही दोन चमू अजून वाद घालत आहेत. माझा कल एकेका ताऱ्याच्या पुराव्याकडे आहे. मध्यापासून दशांश पार्सेकच्याही आत एवढे वेगवान तारे नुसत्या पसरलेल्या ढिगाने धरून ठेवणं कठीण आहे. पण हेच तारे सातशेपटीहून दूर, ४० लाख पार्सेकवर असते तर ईएलटीलासुद्धा ते एकेकटे दिसले नसते, हे विसरू नका.

कक्षांचा प्रश्नही आहे, त्याचा थोडक्यात उल्लेख करतो. तारे आत-बाहेर लांबट कक्षांत फिरत असतील तर मध्याजवळ वेगांचा पसारा कृष्णविवराशिवायही वाढलेला दिसतो. मोठ्या दीर्घिकांमध्ये वेगांच्या वितरणाचा बारीक आकार पाहून ही शंका दूर करता येते. सिग्मा २० असताना तो आकार मोजणं खूप प्रकाश मागतं.

मग ठिपका, म्हणजे दुर्बीण एका बिंदूचं जे चित्र उमटवते ते. अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स म्हणजे हवेमुळे होणारी प्रकाशाची थरथर सेकंदाला शेकडो वेळा मोजून आरसा तेवढाच उलटा वाकवायचा. ईएलटीच्या चौथ्या आरशाखाली त्यासाठी पाच हजारांहून जास्त ढकलणाऱ्या काड्या आहेत. पण दुरुस्ती कधीच पूर्ण नसते. चांगल्या रात्रीही प्रकाशाचा मोठा वाटा टोकदार मध्यात आणि बाकीचा भोवतालच्या रुंद प्रभावळीत जातो. याचा अर्थ मधल्या चौकटीत दिसणाऱ्या वर्णपटात बाहेरच्या, शांत ताऱ्यांचीही भेसळ असते आणि मध्यातला वेगांचा उंचवटा बुटका होतो. प्रभावळ नेमकी किती, हे माहीत नसेल तर कृष्णविवर किती, हेही माहीत नाही. शिवाय बटू दीर्घिका बहुधा आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर, तारे विरळ असलेल्या भागात असतात. त्यामुळे दुरुस्तीसाठी आणि ठिपका तपासण्यासाठी शेजारी योग्य तारा मिळेलच असं नाही. लेझरने कृत्रिम तारा उभा करता येतो, पण प्रतिमेचं एकूण डुलणं मोजायला खरा प्रकाशस्रोत लागतोच. दीर्घिकेचा गाभाच पुरेसा लहान आणि तेजस्वी असेल तर तोच वापरता येतो, आणि दीर्घिका निवडताना मी ही गोष्ट अंतराइतकीच वर ठेवतो. प्रारूप बसवताना ठिपक्याचा आकार पक्का धरण्याऐवजी त्याची अनिश्चितता मोकळी सोडावी, असं माझं मत आहे. उत्तराची त्रुटी त्याने मोठी होते, पण ती खरी असते.

इथपर्यंतचं जमेला धरू. अंतर आणि आरसा मिळून ४० लाख पार्सेकवर वीस हजार सूर्यांचा आकडा देतात. त्यावर ताऱ्यांची वयं, मेलेल्या ताऱ्यांचा साठा, कक्षा आणि ठिपका हे सगळं चढतं. माझ्या अंदाजाने त्या अंतरावर ईएलटीचं पन्नास हजारांच्या वरचं मोजमाप मी मोकळेपणाने स्वीकारेन. वीस ते पन्नास हजारांच्या मध्ये दीर्घिका कोणती आणि तिचा गाभा कसा, हे पाहूनच बोलेन. वीस हजारांच्या खाली फक्त आपल्या स्थानिक समूहातल्या, म्हणजे आकाशगंगेच्या शेजारच्या दीर्घिकांबद्दल आशा ठेवेन. तुम्ही मागितलेला एक आकडा मी पन्नास हजार असा देतो.

तारे सोडून दुसरे मार्गही आहेत आणि जमेल तिथे ते जोडीला घ्यायलाच हवेत. थंड रेणवीय वायू मध्याभोवती नीट चकतीत फिरत असेल तर त्याच्या कक्षांबद्दल ताऱ्यांइतकी शंका राहत नाही. एनजीसी ४०४ मध्ये, जी सुमारे तीस लाख पार्सेकवर आहे, अल्मा या रेडिओ दुर्बीणसमूहाने अर्ध्या पार्सेकपर्यंतचा वायू पाहिला आणि २०२० मध्ये साडेपाच लाख सूर्यांच्या कृष्णविवराचा निष्कर्ष निघाला, त्रुटी तीन-चार लाखांची. वायूचं स्वतःचं वस्तुमानही त्या हिशोबात धरावं लागतं. (हौशी निरीक्षकांसाठी: ही दीर्घिका देवयानीतल्या मिराख ताऱ्याला इतकी खेटून आहे की ताऱ्याची झगमग टाळून ती पाहणं हीच कसोटी.) अडचण एवढीच की बहुतेक बटू दीर्घिकांच्या मध्यात असा शिस्तीत फिरणारा वायू नसतो.

कृष्णविवर वायू गिळत असेल तर प्रतिध्वनीची पद्धत चालते. मध्यातला प्रकाश लुकलुकतो आणि भोवतालचा वायू जरा वेळाने त्याला उत्तर देतो. त्या विलंबावरून अंतर, रेषेच्या रुंदीवरून वेग, दोन्हींवरून वस्तुमान. एनजीसी ४३९५ ही या पद्धतीची लाडकी दीर्घिका आहे. तिथे २००५ मध्ये अतिनील रेषेवरून ३.६ लाख सूर्य असं उत्तर आलं आणि २०१९ मध्ये हायड्रोजनच्या लाल रेषेवरून सुमारे दहा हजार. विलंब दोन्ही वेळा तास-दीड तासाच्या घरातलाच होता. फरक पडला तो रेषेची रुंदी कोणती धरायची आणि वायूच्या मांडणीसाठी कोणता गुणक लावायचा यामुळे. फिरत्या वायूच्या वेगांवरून तिथेच २०१५ मध्ये चार लाखांच्या आसपासचं मोजमापही आहे. एकाच कृष्णविवराची उत्तरं चाळीसपट वेगळी! मोठ्या दीर्घिकांत सिग्मा जास्त तितकं कृष्णविवर जड, असा नियम आहे; त्याच्या आलेखावर खालच्या टोकाचे बिंदू पाहताना हे लक्षात ठेवा. ईएलटी आणि टीएमटीने पहिल्या काही वर्षांत फक्त एनजीसी ४३९५ ताऱ्यांच्या वेगांवरून पक्की केली, तरी हा गुणक ताडून पाहता येईल आणि दूरच्या शेकडो छोट्या सक्रिय (वायू गिळणाऱ्या) केंद्रांची मापं एकदम सुधारतील. माझ्या दृष्टीने नवीन दहा उमेदवार शोधण्यापेक्षा ते जास्त मोलाचं आहे.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत होतं, की कृष्णविवर सापडलं तरच निरीक्षण सफल. ते मी मानत नाही. एम ३३ या त्रिकोणातल्या दीर्घिकेच्या गाभ्यात सिग्मा चोवीसच्या आसपास आहे आणि तिथे २००१ मध्येच हबलने वरची मर्यादा घातली: दीड हजार सूर्य एका विश्लेषणात, तीन हजार दुसऱ्यात. मोठ्या दीर्घिकांच्या नियमाने जेवढं असायला हवं त्यापेक्षा ही मर्यादा कितीतरी खाली आहे. दाट गाभा आहे, आणि कृष्णविवर बहुधा नाहीच. दुसरीकडे एनजीसी २०५ मध्ये आधी ३८,००० ची वरची मर्यादा होती, नंतरच्या अभ्यासात सुमारे सात हजारांचं कृष्णविवर सुचलं, पण त्रुटी इतकी मोठी की खालचं टोक शेकड्यांत आणि वरचं लाखाच्या घरात जातं. एम ३२ मध्ये मात्र पंचवीस लाख सूर्यांचं आहे, यात वाद नाही. तिन्ही आपल्या शेजारच्या, तिन्हींची उत्तरं निरनिराळी.

हे प्रमाण, म्हणजे किती बटू दीर्घिकांत कृष्णविवर आहे आणि किती नाहीत, हेच या सगळ्या खटाटोपाचं कारण आहे. विश्व सत्तर कोटी वर्षांचं होण्याआधीच शंभर कोटी सूर्यांहून मोठी कृष्णविवरं तयार झालेली दिसतात. त्यांची बीजं पहिल्या ताऱ्यांच्या मृत्यूतून आलेली शंभर सूर्यांची होती, की वायूच्या ढगाच्या थेट कोसळण्यातून आलेली दहा हजार ते लाख सूर्यांची, हे माहीत नाही. बटू दीर्घिकांची फार विलीनीकरणं झालेली नसतात, त्यामुळे बीज जवळजवळ मूळ आकारात तिथे टिकलेलं असू शकतं. पहिला मार्ग खरा असेल तर बहुतेक बटू दीर्घिकांत लहान का होईना कृष्णविवर सापडावं. दुसरा असेल तर थोड्यांत मोठं, बाकीच्या रिकाम्या. एम ३३ सारख्या आणखी वीस दीर्घिकांवर पक्की वरची मर्यादा घातली तर त्याचं वजन एखाद्या गाजलेल्या शोधाहून कमी नाही.

गुरुत्वीय लहरींनी हे काम होणार नाही का, असंही तुमच्या मनात येईल. अमेरिकेतल्या लायगो या गुरुत्वीय लहरींच्या शोधकाने पकडलेली कृष्णविवरांची सर्वांत जड टक्कर, जीडब्ल्यू २३११२३, सुमारे २२५ सूर्यांचं कृष्णविवर मागे सोडते. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होणारा लायगो-इंडिया अशा टकरी आकाशात नेमक्या कुठे झाल्या हे सांगायला मोठी मदत करेल. पण जमिनीवरचे शोधक काही शे सूर्यांच्या पलीकडे फार जात नाहीत. दहा हजार आणि वरचा टप्पा लिसा या अंतराळातल्या शोधकाचा, त्याचं उड्डाण २०३५ साठी ठरलं आहे. लिसा विलीन होणारी कृष्णविवरं सांगेल, निवांत बसलेली नाहीत. शांत बटू दीर्घिकेसाठी वर्णपटच लागेल.

दुर्बिणींच्या वेळापत्रकावर मी फार बेत आखत नाही. ईएलटीचं काम सेरो आर्माझोनेसवर प्रत्यक्ष चालू आहे. टीएमटीत भारत भागीदार आहे, बंगळुरूची आयआयए, पुण्याची आयुका आणि नैनितालची एरीज मिळून तिचे आरशाचे तुकडे, सरकयंत्रं, संवेदक आणि संगणकप्रणाली यांवर काम करतात. पण हवाईतल्या मौना केआ पर्वतावरच्या विरोधामुळे जागेचा प्रश्न रखडला आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या एनएसएफ या विज्ञान-निधी देणाऱ्या संस्थेने चिलीतल्या जीएमटी या दुसऱ्या महादुर्बिणीला पुढच्या टप्प्यात नेलं, टीएमटीला नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. उत्तर गोलार्धात अशी दुर्बीण नसेल तर एनजीसी २०५, एम ३२, एम ३३ आणि एनजीसी ४०४ या आपल्या सर्वांत चांगल्या दीर्घिका चिलीतून आकाशात बऱ्याच खाली पाहाव्या लागतील, आणि तिथे हवेचा थर जाड, दुरुस्ती कच्ची. दक्षिणेच्या वाट्याला एनजीसी ५१०२ आणि एनजीसी ५२०६ आहेत, दोन्ही साधारण पस्तीस लाख पार्सेकवर, त्यांची कृष्णविवरं काही लाख सूर्यांची आहेत असं आजच कळलं आहे. ईएलटीची सुरुवात मी त्यांच्यापासून करेन. जे उत्तर साधारण माहीत आहे तिथे उपकरण आधी पारखून घ्यायचं.

शेवटी, तुम्ही आज काय करावं. दुर्बिणीची वाट पाहू नका. हबलच्या संग्रहातल्या प्रतिमा सर्वांना खुल्या आहेत. खगोलशास्त्रज्ञ कॅपेलारींच्या एमजीई-फिट आणि जॅम-पाय या पायथनमधल्या प्रणाली फुकट मिळतात, आणि हार्मोनीची कृत्रिम निरीक्षणं तयार करणारी एचसिमही. एनजीसी ५२०६ चा प्रकाश एमजीईने बसवा, त्यातून जॅमने वेग काढा, एचसिममधून तो घालून ईएलटीला कसा दिसेल ते पाहा. मग एक चाचणी करा, जी मी माझ्या विद्यार्थ्यांना सगळ्यात आधी देतो: कृत्रिम दीर्घिकेत कृष्णविवर शून्य ठेवा, मध्याच्या ताऱ्यांचं वय थोडं बदला, तारकीय कृष्णविवरांचा एक टक्का मध्यात पसरवा, आणि ही माहिती न देता प्रारूपाला कृष्णविवर शोधायला सांगा. ते जेवढं वस्तुमान 'शोधून' देईल, तो तुमच्या पद्धतीचा खरा आकडा. खऱ्या दीर्घिकेत त्याहून लहान काही मिळालं, तर अजून काही मोजलेलं नाही असं धरा.